एका सप्लायवर अनेक गिटार पेडलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावायचा, आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद होणारा छोटा डबा. पहिलं पेडल बॅटरीवर निभतं. दुसऱ्याला अ‍ॅडाप्टर येतो, तिसऱ्यालाही येतो. चौथं-पाचवं येईपर्यंत एक्स्टेंशन बोर्डावर अ‍ॅडाप्टर एकमेकांच्या अंगावर चढून बसलेले असतात, आणि मग हे सगळं एकाच सप्लायवर कसं चालवायचं याची चौकशी सुरू होते. मी बरीच वर्षं मित्रांचे आणि नव्याने वाजवू लागलेल्या मुलांचे पेडलबोर्ड (पेडलं बसवलेल्या फळ्या) जुळवून देतो आहे. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढची निम्मी उत्तरं तिच्यावर उभी आहेत. पेडलांना वीज पोचवते प्लसची तार, पण आवाजाची वाट लावते ती बहुतेक वेळा मायनसची तार. तिच्याकडे नीट लक्ष दिलं तर महागडा सप्लाय न घेताही बोर्ड शांत करता येतो.

पेडलवरचं लेबल कसं वाचायचं?

चार गोष्टी बघायच्या: किती व्होल्ट, एसी की डीसी, मधली पिन प्लस की मायनस, आणि किती मिलीअँप. पहिल्या तिन्ही तंतोतंत जुळायला हव्यात. चौथ्या बाबतीत सप्लायकडे निदान तेवढा करंट असावा; जास्त असेल तर उत्तमच.

डीसीची खूण म्हणजे एक सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ. एसीची खूण नागमोडी असते. पिनच्या खुणेत मधोमध एक ठिपका आणि त्याच्याभोवती अर्धवट वर्तुळ असतं. ठिपक्यापासून निघालेली रेघ ज्या चिन्हाकडे जाते, ते मधल्या पिनचं चिन्ह. बाजारातली बहुसंख्य पेडलं ९ व्होल्ट डीसी, २.१ मिलिमीटरचा गोल प्लग आणि मधली पिन मायनस, म्हणजे सेंटर निगेटिव्ह, अशी असतात. बॉस कंपनीने १९७७ मध्ये आपली आटोपशीर पेडलं आणली. ती जगभर इतकी पसरली की सेंटर निगेटिव्हची पद्धत पेडलांच्या दुनियेत रुळून गेली. तरी अपवाद भरपूर आहेत, आणि पेडलं जळतात ती अपवादांपाशीच.

मधली पिन मायनस का? बाकीच्या उपकरणांत तर ती प्लस असते.

कारण बॅटरी. पेडलच्या पॉवर सॉकेटमध्ये एक छोटी पत्ती असते. प्लग आत गेला की ती सरकते आणि बॅटरीचा संबंध तोडते. ही पत्ती प्लगच्या बाहेरच्या नळीकडच्या बाजूला असते. बॅटरीची मायनस तार आधीच गिटारच्या इनपुट जॅकमधून नेलेली असते, म्हणजे केबल खोचली की पेडल चालू आणि काढली की बंद. तेव्हा पॉवर सॉकेटच्या पत्तीने प्लसची तार तोडायची. मग प्लस बाहेरच्या नळीवर येणं ओघानंच आलं.

जाता जाता: म्हणूनच बॅटरीवरच्या पेडलमध्ये रात्रभर केबल खोचून ठेवली की सकाळी बॅटरी बसलेली असते. पायाने पेडल बंद केलेलं असलं तरी आतली वीज चालूच असते.

घरात वायफाय राऊटरचा ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर पडून आहे. लावू का?

तपासल्याशिवाय मुळीच नको. राऊटर आणि सीसीटीव्हीच्या अ‍ॅडाप्टरची मधली पिन जवळपास नेहमी प्लस असते. प्लग मात्र तोच असतो आणि अगदी घट्ट बसतो, त्यामुळे शंकाही येत नाही. माझं पहिलं डिले पेडल (आवाज थोड्या वेळाने पुन्हा ऐकवणारं) मी असंच घालवलं. प्रॅक्टिसला जायची घाई होती, अ‍ॅडाप्टर सापडत नव्हता, राऊटरचा ओढून काढला आणि लावला. दिवा लागलाच नाही, आणि काही सेकंदांत जळका वास आला. ते पेडल मला अजून आठवतं.

कीबोर्डच्या अ‍ॅडाप्टरांत दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून तिथेही नुसत्या नावावर भरवसा ठेवू नका. साधा मल्टिमीटर घ्या आणि डीसीच्या २० व्होल्टवर ठेवा. काळी काडी प्लगच्या आत, लाल काडी बाहेरच्या नळीला. ९ च्या आसपास आकडा आला तर सेंटर निगेटिव्ह. उणे ९ आला तर तो अ‍ॅडाप्टर बोर्डाजवळही आणू नका. आकडा १२-१३ आला तर तो बहुधा जुन्या पद्धतीचा, जड, ट्रान्सफॉर्मरवाला, रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) नसलेला अ‍ॅडाप्टर आहे. भार नसताना त्याचं व्होल्टेज असं चढतं. साध्या ओव्हरड्राइव्हला (आवाज किंचित फाडणाऱ्या पेडलला) ते कदाचित सोसेल, पण सगळ्यांना नाही.

उलट वीज गेलीच असेल तर पेडल लगेच भंगारात काढू नका. अनेक पेडलांत प्लस आणि ग्राउंड (सर्किटची सामायिक तार, बहुतेक पेडलांत मायनस) यांच्यामध्ये एक डायोड आडवा घातलेला असतो. उलट वीज आली की तो सगळा करंट स्वतःतून जाऊ देतो आणि आतल्या चिपा वाचवतो. सप्लाय दांडगा असेल तर डायोड जळतो आणि बहुतेकदा शॉर्ट होऊन बसतो. असं पेडल कित्येकदा तो एक डायोड बदलून पुन्हा उभं राहतं.

५०० मिलीअँपचा सप्लाय १० मिलीअँपच्या पेडलला लावला तर पेडल जळेल का?

नाही. हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि भीती समजण्यासारखी आहे. पण घरातल्या सॉकेटवर ६ अँपिअर लिहिलेलं असतं म्हणून त्यात खोचलेला मोबाइलचा चार्जर ६ अँपिअर ओढत नाही. मिलीअँपचा आकडा म्हणजे सप्लायची ऐपत. पेडल आपल्या गरजेपुरताच करंट घेतं. व्होल्टेज मात्र सप्लाय लादतो, म्हणून ते जुळायलाच हवं.

मग किती मिलीअँपचा सप्लाय घ्यायचा?

सगळ्या पेडलांचे आकडे मांडा, बेरीज करा आणि वर निदान चौथा हिस्सा मोकळा ठेवा.

आकड्यांत फार अंतर असतं. ट्रान्झिस्टरवाला जुन्या धाटणीचा फझ (आवाज खूप फाडून जाड करणारं पेडल) जेमतेम १ मिलीअँप घेतो. बॉसचा डीएस-१ डिस्टॉर्शन ४ मिलीअँपच्या आसपास. त्यांचाच टीयू-३ ट्यूनर साधारण ३० घेतो, आणि उन्हात दिसावा म्हणून दिवे प्रखर केले की ८५ पर्यंत जातो. डिजिटल डिले ६० च्या आसपास सुरू होतात. स्ट्रायमनच्या ब्लूस्काय रिव्हर्बसारखी मोठी डिजिटल पेडलं एकेकटी २५० मिलीअँप मागतात. लाइन ६ च्या एचएक्स स्टॉम्पसारख्या मल्टिइफेक्टबरोबर तर ३ अँपिअरचा अ‍ॅडाप्टर येतो. त्याला त्याचाच अ‍ॅडाप्टर राहू द्या.

उदाहरण घेऊ. ट्यूनर ८५ (नेहमी मोठा आकडा धरायचा), ओव्हरड्राइव्ह १०, डिस्टॉर्शन ४, अ‍ॅनालॉग कोरस २५, डिजिटल डिले ६५, मोठा रिव्हर्ब २५०. बेरीज ४३९. चौथा हिस्सा वाढवून ५५० च्या आसपास. म्हणजे १ अँपिअरचा रेग्युलेटेड अ‍ॅडाप्टर या सहा पेडलांना करंटच्या दृष्टीने पुरून उरतो. करंट कमी पडला तर डिजिटल पेडल सुरूच होत नाही, मध्येच रीसेट होतं किंवा विचित्र आवाज काढतं.

पण करंट पुरला म्हणजे काम झालं, असं नाही.

डेझी चेन वाईट असते का?

डेझी चेन म्हणजे एका अ‍ॅडाप्टरच्या तारेवर ओळीने पाच-आठ प्लग. ती वाईट नाही. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, कॉम्प्रेसर, बूस्टर, अ‍ॅनालॉग फेझर अशी चार-पाच अ‍ॅनालॉग पेडलं असतील तर १ स्पॉटसारखा एक चांगला ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर आणि डेझी चेन यावर वर्षानुवर्षं सुखाने वाजवता येतं. १ स्पॉटची ऐपत १७०० मिलीअँप आहे. नवीन मुलांनी पेडलांपेक्षा महाग सप्लाय घेतलेला पाहिला की मला वाईट वाटतं. ते पैसे तारांना, सेटअपला, शिकवणीला लागले असते.

दोनच गोष्टी पाळा. चेनवरचा प्रत्येक मोकळा प्लग रबरी टोपीने किंवा इन्सुलेशन टेपने झाका. त्याची बाहेरची नळी प्लस आहे, आणि ती एखाद्या पेडलच्या धातूच्या अंगाला टेकली की सगळा बोर्ड बंद पडतो. दुसरी गोष्ट, वेगळ्या व्होल्टेजचं किंवा उलट्या पिनचं पेडल या माळेत कधीही ओवू नका.

अ‍ॅनालॉग पेडलं शांत होती. डिजिटल डिले त्याच चेनवर लावल्यावर बारीक शिट्टी येऊ लागली. असं का?

इथे मायनसच्या तारेची गोष्ट सुरू होते, आणि ती थोडी सावकाश समजून घेण्यासारखी आहे.

डेझी चेनवर सगळ्या पेडलांचा करंट एकाच मायनस तारेतून परत जातो. तार कितीही चांगली असली तरी तिला थोडा रोध असतो. प्लगच्या जोडण्यांसकट तो ०.१ ओहम धरू. डिजिटल डिले करंट एकसारखा ओढत नाही. आतल्या चिपचं घड्याळ सेकंदाला लाखो ठोके देतं, आणि चिप त्या ठोक्यांवर, कामाच्या तुकड्यांगणिक, गचके देत करंट घेते. हा करंट ५० मिलीअँपने वर-खाली झाला तर त्या तारेवर ५ मिलिव्होल्टचा खळखळाट उमटतो.

५ मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण सिंगल कॉइल पिकअपचा (गिटारच्या तारांचा कंप पकडणाऱ्या, एका वेटोळ्याच्या भागाचा) सिग्नल साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टच असतो. आणि गिटारच्या सिग्नलचं ग्राउंड, म्हणजे पॅच केबलची (पेडलं एकमेकांना जोडणाऱ्या छोट्या केबलची) बाहेरची जाळी, त्याच मायनसला जोडलेली असते. हा खळखळाट असा सिग्नलच्याच वाटेत येऊन बसतो. बोर्डवर जास्त गेनचं डिस्टॉर्शन असेल तर ते गिटारबरोबर यालाही शंभरपट मोठं करतं. म्हणून तक्रार नेहमी सारखीच असते: क्लीनवर काही नाही, डिस्टॉर्शन दाबलं की शिट्टी.

दुसरी भानगड वळशाची. शेजारच्या दोन पेडलांची ग्राउंड दोन वाटांनी जोडलेली असतात, एक पॅच केबलच्या जाळीतून आणि एक सप्लायच्या मायनसमधून. ही तारेची पूर्ण वेटोळी झाली. जवळ ट्रान्सफॉर्मर असेल तर ती त्याचं ५० हर्ट्झ पकडते आणि अ‍ॅम्पमधून जाड ‘घूंऽऽ’, म्हणजे हम, ऐकू येतं.

तिसरी भानगड दोन घड्याळांची. डिजिटल डिले आणि डिजिटल रिव्हर्ब, किंवा अ‍ॅनालॉग डिले आणि कोरस (त्यांच्यातल्या, सिग्नल टप्प्याटप्प्याने पुढे सरकवणाऱ्या बकेट ब्रिगेड चिपलाही घड्याळ लागतं), एकाच तारेवर असले तर दोन्ही घड्याळं एकमेकांत मिसळतात. एकेकटं घड्याळ आपल्या कानापलीकडे असतं, पण दोघांतला फरक ऐकू येणाऱ्या पट्टीत पडू शकतो. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित बेसूर असताना जी लहर ऐकू येते, तिचाच हा कर्कश भाऊबंद. कोरसचा वेग बदलला की शिट्टीचा स्वर वर-खाली सरकत असेल तर निदान पक्कं समजा.

शिट्टी किंवा हम नेमकी कुठून येते हे कसं शोधायचं?

सप्लाय बदलण्याआधी अर्धा तास काढा. आधी गिटार थेट अ‍ॅम्पला लावा. तरीही आवाज असेल तर दोष पेडलांचा नाही. पिकअप, केबल, खोलीतला दिव्याचा डिमर किंवा अर्थिंग पाहा. सिंगल कॉइल पिकअप असताना उभं राहण्याची दिशा बदलली की आवाज कमी-जास्त होत असेल तर तो हवेतून येतो आहे. त्यावर जगातला कोणताही पेडल सप्लाय इलाज करू शकत नाही.

थेट लावल्यावर शांत असेल तर बोर्ड जोडा आणि संशयित पेडलाचा पॉवर प्लग काढून त्याला बॅटरी लावा. आवाज गेला तर गुन्हेगार सप्लायची वाटणी आहे, पेडल नव्हे. डिजिटल पेडलांना बॅटरीची सोय नसेल तर त्याच व्होल्टेजचा वेगळा अ‍ॅडाप्टर लावून बघा. आवाज तसाच राहिला तर पॅच केबल बदला. तुटकी जाळी असलेली पॅच केबल मी सप्लायचा दोष समजून कित्येकदा शोधत बसलो आहे.

‘आयसोलेटेड’ म्हणजे काय?

ज्या सप्लायमध्ये प्रत्येक आउटपुटचं मायनस आतून एकमेकांपासून पूर्ण तुटलेलं असतं, तो आयसोलेटेड. मग पेडलांची ग्राउंड फक्त पॅच केबलमधूनच जोडलेली राहतात. वेटोळं होत नाही आणि एकाचा गचका दुसऱ्याच्या तारेत उतरत नाही.

हे दोन तऱ्हांनी करतात. जुनी पद्धत म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक आउटपुटसाठी वेगळं वाइंडिंग; व्हूडू लॅबचा पेडल पॉवर २ प्लस या घराण्यातला. तो जड असतो, पण त्यात स्विचिंगचा गोंगाट नसतो. नवीन पद्धतीत आतलं डीसी खूप वेगाने चालू-बंद करून छोट्या-छोट्या ट्रान्सफॉर्मरांतून नेतात. स्ट्रायमनचा झुमा, सिऑक्सचा डीसी७ हे त्यातले. हे हलके, चपटे, आणि दर आउटपुटला जास्त करंट देणारे. झुमाचं प्रत्येक आउटपुट ५०० मिलीअँपचं आहे. ट्रान्सफॉर्मरवाल्यांत बरीच आउटपुटं १०० मिलीअँपची असतात, तेव्हा २५० चा रिव्हर्ब त्यांपैकी कशालाही लावून चालत नाही. आउटपुटांची संख्या मोजून सप्लाय घेणारे इथे फसतात.

स्वस्त सप्लायवरही ‘आयसोलेटेड’ लिहिलेलं असतं. खरं-खोटं कसं कळणार?

मल्टिमीटरने, दोन मिनिटांत. सप्लाय भिंतीतून काढा, सगळी पेडलं सोडवा. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवा. एक काडी पहिल्या आउटपुटच्या मायनसला आणि दुसरी काडी दुसऱ्या आउटपुटच्या मायनसला. बीप वाजली तर दोन्हींचं मायनस एकच आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो, ती डब्यात घातलेली डेझी चेन आहे. असे डबे ऑनलाइन ढिगाने मिळतात. त्यांत प्रत्येक आउटपुटला शॉर्टपासून वेगळं संरक्षण असतं, आणि त्यालाच काही विक्रेते आयसोलेशन म्हणून खपवतात. परत करण्याची मुदत संपायच्या आत ही तपासणी करून घ्या.

आयसोलेटेड परवडत नाही. काही उपाय?

आहे, आणि मी बहुतेकांना आधी हाच सांगतो: दुसरा अ‍ॅडाप्टर घ्या. दोन वेगवेगळे टू-पिन अ‍ॅडाप्टर एकमेकांपासून आपोआपच वेगळे असतात. सगळी अ‍ॅनालॉग पेडलं एका अ‍ॅडाप्टरच्या डेझी चेनवर, आणि डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब दुसऱ्यावर. दोन डिजिटल असतील तर तीन अ‍ॅडाप्टर. बोर्डाखाली एक छोटा एक्स्टेंशन बोर्ड पक्का बसवला की दिसायला थोडं ओबडधोबड दिसतं, पण शिट्टी बहुतेक वेळा जाते.

तेही जमत नसेल तर डिजिटल पेडल चेनच्या टोकाला न लावता अ‍ॅडाप्टरच्या सगळ्यात जवळच्या प्लगला लावा. त्याचा करंट मग लांबलचक तारेतून इतरांच्या सोबतीने परत येत नाही. पूर्ण इलाज नाही हा, पण फुकट आहे आणि बऱ्याचदा फरक पडतो.

जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ चेनवर लावला की सगळा बोर्ड का बंद पडतो?

तुमचा फझ पॉझिटिव्ह ग्राउंडचा आहे. १९६६ मध्ये इंग्लंडच्या आर्बिटर कंपनीने फझ फेस आणला, त्यात पीएनपी जातीचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर होते, आणि अशा सर्किटमध्ये बॅटरीचं प्लस टोक ग्राउंड असतं. त्याची नक्कल करणारे आजचे अनेक फझही तसेच असतात. आता हिशोब करा: या फझचं प्लस त्याच्या जॅकला, जॅकमधून पॅच केबलच्या जाळीला, जाळी शेजारच्या पेडलच्या ग्राउंडला, आणि ते ग्राउंड म्हणजे सप्लायचं मायनस. प्लस आणि मायनस थेट एकमेकांना भिडले.

हा फझ बॅटरीवर चालवा. करंट इतका कमी की एक बॅटरी महिनोन् महिने पुरते. नाहीतर खऱ्या आयसोलेटेड सप्लायचं एक आउटपुट त्याला एकट्याला द्या आणि पिन उलट करणारी केबल वापरा.

बॅटरीची बाजू घ्यायला आणखी एक कारण आहे. साध्या झिंक-कार्बन बॅटरीचा आतला रोध जास्त असतो, आणि ती उतरत आली की फझ मऊ, थोडा घोगरा वाजतो. काही सप्लायमध्ये मुद्दाम व्होल्टेज पाडणारी ‘सॅग’ची कळ असते ती याचसाठी. मला स्वतःला हा आवाज फार आवडतो.

९ ऐवजी १८ व्होल्ट दिले की ओव्हरड्राइव्ह मोकळा वाजतो म्हणतात. देऊ का?

उत्पादकाने चालेल असं लिहिलं असेल तरच. ज्या पेडलांना ते मानवतं, त्यांत हेडरूम वाढतो आणि जोरात वाजवलं तरी आवाज चेपत नाही. पण अनेक पेडलांतले कपॅसिटर १६ व्होल्टचे असतात. काहींत ९ व्होल्टपासून आतच जास्त व्होल्टेज तयार करणारी मॅक्स१०४४ सारखी चिप असते, जिची सहनशक्ती १० व्होल्टच्या आसपास संपते. क्लॉन सेंटॉर हा ओव्हरड्राइव्ह आणि त्याच्या अनेक नकलांत अशीच चिप आहे. त्यांना १८ व्होल्ट म्हणजे तत्काळ मरण. वर सांगितलेला १३ व्होल्ट दाखवणारा जुना अ‍ॅडाप्टरही त्यांना घातकच.

एका जुन्या डिले पेडलवर नागमोडी रेघ आहे. ९ व्होल्टच आहे, मग चेनवर का चालत नाही?

ते एसी पेडल आहे. लाइन ६ चा पहिला हिरवा डीएल४ आणि डिजिटेकच्या जुन्या व्हॅमी ९ व्होल्ट एसीवर चालतात. त्यांना त्यांचा स्वतःचा अ‍ॅडाप्टर द्या. आणि त्या अ‍ॅडाप्टरच्या प्लगवर रंगीत टेप गुंडाळा, म्हणजे अंधाऱ्या स्टेजवर तो चुकून डीसी पेडलमध्ये जाणार नाही.

जुन्या बॉस पेडलवर ‘एसीए’ अ‍ॅडाप्टर वापरा असं लिहिलंय. ९ व्होल्टवर त्याचा दिवा मंद लागतो.

जुन्या बॉस पेडलांसाठी १२ व्होल्टचा, रेग्युलेटर नसलेला अ‍ॅडाप्टर असायचा, आणि जास्तीचं व्होल्टेज कमी करायला आत मायनसच्या वाटेवर एक रेझिस्टर आणि एक डायोड असतो. त्यामुळे एकट्याने ९ व्होल्टवर लावलं की उपाशी राहतं. मजा अशी की तेच पेडल डेझी चेनवर नव्या ९ व्होल्टच्या पेडलांसोबत पॅच केबलने जोडलं की नीट चालतं, कारण करंट रेझिस्टर टाळून केबलच्या जाळीतून शेजाऱ्याच्या मायनसकडे जातो. शेअर्ड मायनस उपयोगी पडण्याचा मला माहीत असलेला हा एक सुंदर प्रसंग.

लोडशेडिंगमध्ये किंवा उघड्यावर वाजवताना पॉवर बँक चालेल का?

चालते. पॉवर बँक मुळात ५ व्होल्ट देते. यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) असलेली पॉवर बँक मागितल्यावर ९ व्होल्टही देते. त्यासाठी ‘ट्रिगर’ केबल मिळते. दोन गोष्टी तपासा. या केबली बहुतेकदा राऊटरसाठी बनवलेल्या असतात, म्हणजे मधली पिन प्लस. पिन उलट करणारा जोड लागेल. आणि ९, १२, १५ व्होल्टच्या केबली दिसायला सारख्याच असतात, तेव्हा प्रत्येक वेळी मल्टिमीटर लावा. राऊटरच्या मिनी यूपीएसलाही हेच लागू.

आणखी एक अडचण: करंट फार कमी असला तर पॉवर बँकेला वाटतं की काही जोडलेलंच नाही, आणि ती बंद होते. दोन ओव्हरड्राइव्हच असतील तर हे हमखास होतं. ट्यूनर किंवा डिजिटल डिले सोबत असला की बहुधा चालू राहते.

नातेवाईक अमेरिकेहून पॉवर सप्लाय आणणार आहेत. काय बघायला सांगू?

खालच्या लेबलवर १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर फक्त प्लग बदलायचा. नुसतं १२० व्होल्ट असेल तर आणू नका. ट्रान्सफॉर्मरवाल्या अनेक सप्लायची अमेरिकेची आणि आपल्याकडची आवृत्ती वेगळी असते, आणि १२० चा सप्लाय आपल्या २३० वर पहिल्याच मिनिटाला जातो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण बोर्डाबरोबर तो धोंडा प्रत्येक गिगला उचलून न्यावा लागतो. शिवाय फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतात.

घरीच सप्लाय बनवू का? सामान कुठे मिळेल?

पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या परिसरात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सगळं मिळतं. फक्त २३० व्होल्टच्या बाजूला हात घालू नका. तयार १२ व्होल्ट डीसी अ‍ॅडाप्टर घ्या आणि पुढे ७८०९ रेग्युलेटर लावा. इनपुटला ०.३३ आणि आउटपुटला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर रेग्युलेटरच्या अगदी पायाशी. उष्णतेचा हिशोब सोपा आहे: १२ उणे ९ म्हणजे ३ व्होल्ट, गुणिले अर्धा अँपिअर, म्हणजे दीड वॉट. हीट सिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) लागेलच.

पण एका १२ व्होल्टच्या अ‍ॅडाप्टरवर पाच ७८०९ लावले तरी ते आयसोलेटेड होत नाहीत. सगळ्यांचं मायनस तेच राहतं. खरं आयसोलेशन हवं असेल तर बी१२०९एस सारखी छोटी डीसी-डीसी मॉड्यूल मिळतात, १२ व्होल्ट आत, ९ व्होल्ट बाहेर, १ वॉटची, म्हणजे सुमारे ११० मिलीअँप. त्यांचं आउटपुट रेग्युलेटेड नसतं, हलक्या भाराला व्होल्टेज चढतं, आणि पुढे चांगला फिल्टर लावावा लागतो. शिकायला उत्तम, पैसे वाचवायला फारसं नाही.

बोर्डवर सप्लाय कुठे बसवू?

ट्रान्सफॉर्मरवाला असेल तर वाहपासून (पायाने झुलवून ‘वाऽ-वाऽ’ आवाज काढणाऱ्या पेडलपासून) दूर. वाहमध्ये इंडक्टर असतो आणि तो ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र थेट पितो. काही वेळा वाह नुसता एक वीत सरकवला तरी हम नाहीसा होतो. पॉवरच्या तारा आणि पॅच केबली शेजारी-शेजारी बांधू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.

गिटारच्या तारांना हात लावला की मुंग्या येतात. सप्लाय खराब आहे का?

हा प्रश्न मी सगळ्यांत गंभीरपणे घेतो. टू-पिन स्विचिंग अ‍ॅडाप्टरमधून एका छोट्या कपॅसिटरद्वारे अगदी किंचित करंट आउटपुटकडे गळतो. बोर्डला कुठेच अर्थिंग नसेल तर तो तारांवर जाणवतो. लॅपटॉपच्या धातूच्या कव्हरवर जाणवतात तशाच मुंग्या. अ‍ॅम्पला नीट अर्थिंग मिळालं की त्या जातात.

पण झटका बसत असेल, किंवा माइकला ओठ लागल्यावर चटका बसत असेल, तर वाजवणं तिथेच थांबवा. गिटार एका ग्राउंडवर आणि माइक दुसऱ्यावर, आणि त्यांतलं एक बिघडलेलं, असा तो प्रकार असू शकतो. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झीत स्टेजवर विजेच्या धक्क्याने गेला. म्हणून हम घालवण्यासाठी अ‍ॅम्पच्या थ्री-पिनची अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणीही दिला, कितीही अनुभवी माणसाने दिला, तरी ऐकू नका. ती वरची जाड पिन जीव वाचवायला आहे.

गणेशोत्सवात, लग्नाच्या लॉनवर, कॉलेजच्या गॅदरिंगला तर आधी मंडपाच्या वायरमनला गाठा. अर्थचा खांब खरोखर जमिनीत पुरलाय का, हे डोळ्यांनी बघा. साउंडवाला जिथून वीज घेतो, त्याच बोर्डावरून अ‍ॅम्प आणि पेडलबोर्डसाठी लाइन मागा, रोषणाईच्या बोर्डावरून नको. एक तर डिमरची करकर टळते, आणि माइक व गिटार वेगवेगळ्या फेजवर राहत नाहीत. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या आसपास फरक असतो. थ्री-फेजचा न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी त्याहून बरंच जास्त व्होल्टेज सॉकेटवर येऊ शकतं. मी मंडपात बोर्ड जोडण्याआधी सॉकेटमध्ये आधी एक साधा दिवा लावतो. तो नेहमीपेक्षा जास्त लख्ख लागला, किंवा लुकलुकत राहिला, तर बोर्ड बॅगेतून काढत नाही.